साहाय्यित ताणन चिकित्सा

साहाय्यित ताणन चिकित्सा : आखडलेला अवयव त्याच्या स्वतःच्या स्नायूंच्या बळाने न हलविता बाह्य साहाय्याने हळूहळू ताणून काही काळ त्या स्थितीत धरून ठेवण्याच्या उपचारास साहाय्यित ताणन चिकित्सा म्हणतात. हे साहाय्य चिकित्सकाच्या हातांचे, रुग्णाच्याच दुसऱ्या हाताचे अथवा पट्टा, स्प्लिंट, प्लॅस्टर यांसारख्या साधनांचे असते. संयोजी ऊतकाची लांबी व लवचिकपणा टिकविणे किंवा शक्य तेथे परत मिळविणे, हा या उपचाराचा हेतू होय. भौतिकी चिकित्सेत तो दीर्घकाळ वापरात आहे.

संयोजी ऊतक व ताण : कंडरा, अस्थिबंध, सांध्यांभोवतीचे संपुट, स्नायूंवरील प्रावरणी आणि त्वचेचा खालचा थर हे सर्व संयोजी ऊतकाचे बनलेले असतात. त्यात कोलॅजेन या बळकट प्रथिनाचे तंतू, इलॅस्टिनाचे स्थितिस्थापक तंतू आणि त्यांमधील जलयुक्त आधारद्रव्य असते. हे ऊतक काही अंशी रबरासारखे, तर काही अंशी घट्ट द्रवासारखे वागते. एकदम दिलेल्या ताणाला ते विरोध करते, मात्र तोच ताण मंदपणे देऊन टिकवून धरल्यास ते सावकाश सैल होते. ताण काढल्यावर ही वाढ बव्हंशी नाहीशी होते. टिकाऊ बदल घडण्यासाठी तंतुजनक कोशिकांनी जुने तंतू काढून नवे तंतू ताणाच्या दिशेने रचावे लागतात व या क्रियेस आठवडे किंवा महिने लागतात. उलटपक्षी, अवयव दीर्घकाळ आखूड स्थितीत स्थिर राहिल्यास तंतू एकमेकांस चिकटतात, संपुट आक्रसते आणि स्नायुतंतूही आखूड होतात. या अवस्थेस सांध्याचा संकोच म्हणतात.

निरोगी शरीरावरील परिणाम : प्रत्येक ताण साधारणतः १० ते ३० सेकंद धरून काही आठवडे नियमित अभ्यास केल्यास सांध्याच्या हालचालीची कक्षा वाढते. तथापि आरंभीच्या काळातील ही वाढ ऊतक लांब झाल्यामुळे होण्यापेक्षा ताण सहन करण्याची क्षमता वाढल्यामुळे होते, असे अलीकडील संशोधनावरून दिसते. ताणनामुळे ‘विषारी द्रव्ये बाहेर पडतात’ या समजुतीस आधार नाही. व्यायामानंतरचे स्नायूंचे दुखणेही त्याने फारसे कमी होत नाही.

संकोचावरील परिणाम : संकोच पक्का झाल्यावर या उपचाराच्या मर्यादा स्पष्ट होतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षणात ४९ अध्ययनांतील २,१३५ व्यक्तींचा विचार केलेला होता. पक्षाघातासारख्या तंत्रिका तंत्राच्या विकारांत सात महिन्यांहून कमी काळ केलेल्या ताणनाने सांध्याच्या हालचालीत लक्षणीय फरक पडत नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे. याउलट जन्मजात वाकड्या पावलावर इग्नासिओ पोन्सेटी (१९१४–२००९) यांनी रूढ केलेली पद्धत यशस्वी ठरली आहे. तीत तान्ह्या मुलाचे पाऊल दर आठवड्यास थोडेसे वळवून प्लॅस्टरमध्ये धरून ठेवतात. नंतर बहुधा टाचेची कंडरा छेदतात व काही वर्षे पट्टाजोडे वापरावे लागतात. कोवळे ऊतक, अल्प बल आणि अखंड धारण यांचा हा परिणाम होय.

कुष्ठरोगातील हात : कुष्ठरोगात कोपराजवळील अंतःप्रकोष्ठ तंत्रिकेस इजा झाल्यास पंजातील लहान स्नायू दुर्बल होऊन करंगळी व अनामिका वाकतात. प्रारंभी ही बोटे दुसऱ्या हाताने सरळ करता येतात. दुर्लक्ष झाल्यास त्वचा, संपुट व कंडरा आखूड होऊन ती कायमची वाकडी राहतात. यासाठी हात सुमारे २० मिनिटे साध्या पाण्यात भिजवून, न पुसता तेल लावून, मांडीवर टेकवावा व दुसऱ्या हाताने बोटे मुळापासून टोकाकडे सावकाश सरळ करावीत, अशी रीत रुग्णास शिकवितात. तिने गेलेली तंत्रिकाशक्ती परत येत नाही. परंतु बोटे लवचिक राहिल्यास पुढे कंडरा-प्रतिरोपणाची शस्त्रक्रिया करणे शक्य होते. ही शस्त्रक्रिया १९४०–५० या दशकाच्या अखेरीस पॉल ब्रँड यांनी वेल्लोर येथे विकसित केली. रोगजंतूंचा नाश मात्र बहु-औषध योजनेनेच होतो. [⟶ कुष्ठरोग].

रायगड (१९८१ पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्याच्या किनाऱ्यावर जाळे विणणे व ओढणे, मासळी साफ करणे, भाताची लावणी आणि नारळी-पोफळीची कामे ही सर्व बोटांच्या पकडीवर अवलंबून असल्याने वाकलेली दोन बोटेही रोजगार हिरावून घेतात. पनवेल तालुक्यातील नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन हे कुष्ठरुग्णांच्या उपचाराचे व पुनर्वसनाचे केंद्र आहे. कुष्ठरोगजन्य विकृतींवर शस्त्रक्रिया करणारे मुंबईचे प्लॅस्टिक शल्यचिकित्सक नोशीर अँटिया (१९२२–२००७) यांनी अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात १९७०–८० या दशकात गावातीलच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्याचा प्रयोग केला. साधी आरोग्यसेवा रुग्णालयाबाहेर, गावातील माणसांच्या हाती देता येते, हे त्यामागील सूत्र होते. ताणनाचा उपचार या सूत्रास अनुरूप आहे. कारण तो दिवसातून अनेक वेळा आणि वर्षानुवर्षे करावयाचा असून रुग्णाच्या घरीच होऊ शकतो.

दक्षता : कुष्ठरोग्याच्या बोटांना संवेदना नसल्याने वेदनेची सूचना मिळत नाही. जोर अधिक झाल्यास त्वचा फाटते व सांधा सुजतो. म्हणून प्रत्येक वेळी हात डोळ्यांनी तपासणे आवश्यक असते. कोपराच्या अस्थिभंगानंतर जोराने चोळून व ताणून सांधा मोकळा करण्याची काही हाडवैद्यांची रीत घातक ठरू शकते. तिने स्नायूत हाड तयार होऊन सांधा कायमचा जखडतो. न सांधलेला अस्थिभंग, तीव्र दाह, नीलांतील रक्तगुठळी आणि मुळातच अतिशय सैल असलेले सांधे यांत ताणन वर्ज्य समजावे. अस्थी विरळ झालेल्या वृद्धांत ते तज्ञाच्या सल्ल्यानेच करावे.

सारांश, या उपचाराचे फळ बलापेक्षा काळावर अवलंबून असते. बोट हाताने सरळ होत असतानाच आरंभिलेले आणि रोज चालू ठेवलेले सौम्य ताणन उपयोगी पडते. सांधा पक्का आखडल्यावर केलेल्या जबरदस्तीने हानीच अधिक होते.