गोदामाच्या भिंतीपलीकडचा हिशेब

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटके एकत्र होती. स्फोटांत गोदीलगतची गोदामे भस्मसात झाली. 66 अग्निशामक जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी अग्निशमन सप्ताह पाळतो, आणि पाळतोही निष्ठेने! बैरूतच्या बंदरात मात्र 2,750 टन अमोनियम नायट्रेट 2014 पासून पडून राहिले व 4 ऑगस्ट 2020 रोजी त्याने दोनशेहून अधिक बळी घेतले.

मालक विमा उतरवतो तो इमारतीचा आणि मालाचा. शेजारच्या चाळीतील माणसाचा जीव त्याच्या खतावणीत कोठेच येत नाही. भोपाळनंतर, 1991 साली, सार्वजनिक दायित्व विमा कायदा झाला खरा. परंतु मूळ कायद्यात मृत्यूबद्दलची तातडीची भरपाई ठरली अवघी 25,000 रुपये. जीव इतका स्वस्त ठरल्यावर कोणता व्यापारी अंतर राखून माल रचील? म्हणून विम्याचा हप्ता साठ्याच्या स्वरूपावरून आणि वस्तीच्या अंतरावरून ठरावा. साठ्याची अद्ययावत यादी जवळच्या अग्निशमन केंद्रात असावी. आत शिरणाऱ्या जवानाला आपण कशाशी झुंजतो आहोत, एवढे तरी ठाऊक हवे.