डाव्या हाताची कारागिरी

खारबावला एका दहाव्याला गेलो होतो. मुलगा केशवपनाला बसला आणि माझी नजर न्हाव्याच्या डाव्या हातावर खिळली. वस्तरा उजव्या हातात होता, पण त्याला वाट करून देत होता डावा. कानामागची कातडी तो वर ताणायचा, मानेवरची खाली. रडणाऱ्या मुलाचं डोकं हलायचं तेव्हा वस्त्र्याच्या आधी तोच तिथं पोचलेला असायचा. तो हात पाहायला मी पुढे त्याच्या दुकानात जाऊन बसू लागलो.

दिवा-वसई मार्गावरच्या या गावात गोदामांतले हमाल, भातशेती करणारे आगरी आणि भिवंडीचे लूम कारागीर अशी त्याची गिऱ्हाइकं. उकाड्याच्या दिवसांत दाढी उरकली की अनेकजण हात वर करून म्हणतात, "बगल पण घ्या." साबण, घाम आणि तुरटी यांचा एक मिश्र वास तेव्हा दुकानात भरून राहतो.

"गाल सोपा," तो म्हणाला. "काख म्हणजे खड्डा. त्यात केस दोन दिशांनी जातात, वरचे वर, खालचे खाली."

आधी कात्रीनं केस आखूड, मग कोमट पाणी, मग फेस. पातं मोडून नवं अर्धं तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर वस्त्र्यात बसवतो. हे मला फार मोलाचं वाटतं. रक्तातून पसरणारी कावीळ आणि एचआयव्ही वापरलेल्या पात्यावरून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. मग डावा अंगठा कातडी छातीकडे ताणतो, नंतर पाठीकडे, आणि खड्डा क्षणभर सपाट होतो. तेवढ्यात वस्तरा आखूड, हलके हात मारतो, केसाच्या दिशेनंच. काखेत उलटा हात तो कधीच मारत नाही. उलट्या हातानं केस कातडीच्याही खाली कापला जातो, वाढताना टोक आतच वळतं आणि केसतोड होतो. शेवटी गार पाणी. अंगाला सुवासिक फवारा त्या दिवशी नको, सदरा सैल आणि सुती हवा.

एक लूम कारागीर म्हणाला, "आमच्यात चाळीस दिवसांच्या वर राहू द्यायचं नाही." काखेचे आणि जांघेचे केस काढायला हदीसमध्ये ही मुदत सांगितलेली आहे. न्हाव्यानंही तो आकडा उचलला आहे: चाळीस दिवसांचा केस वस्त्र्यात अडकतो, म्हणून आधी कात्री. जांघेचं काम दुकानात होत नाही. घरी करणाऱ्यांना तो वेगळं पातं ठेवायला आणि ते कुणाला न द्यायला सांगतो. हे केस काढलेच पाहिजेत असं आरोग्याच्या दृष्टीनं काही नाही. रोजची अंघोळ पुरते.

वस्तरा लावला की केस दाट येतात, ही भीती मात्र तरुण पोरं हटकून बोलून दाखवतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ बाईंनी 1928 मध्येच दाढीचे केस मोजून ती खोटी ठरवली होती. कापलेलं टोक बोथट असतं, म्हणून ते बोटाला राठ लागतं.

हाच वस्तरा एकेकाळी विधवांच्या डोक्यावरून बळजबरीनं फिरत होता. 1890 मध्ये 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या न्हाव्यांनी ते काम नाकारलं. पोट ज्या वस्त्र्यावर, तोच खाली ठेवायला निघालेल्या त्या माणसांबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे.

खारबावच्या या दुकानातही मी नकार ऐकला. एका हमालानं हात वर केला. न्हाव्यानं डाव्या अंगठ्यानं काख जरा ताणली, आत लाल गाठ दिसली, आणि त्यानं वस्तरा मिटला.

"आधी डॉक्टरला दाखव, दादा."

"अरे, लय दिवस झाले."

"चाळीसाचे पन्नास होऊ देत. पिकलेल्या काखेवर वस्तरा नाय."