द्राक्षावरील केवडा आणि निकामी ठरणारी औषधे

कोऱ्हाळे बुद्रुकचा परिसर नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पिकतो. ऊस हे येथील मुख्य पीक. तथापि बारामती व इंदापूर तालुक्यांत द्राक्षबागाही आहेत. या बागांची खरी परीक्षा ऑक्टोबर छाटणीनंतर होते. कोवळी फूट निघाली असता पाऊस लागला, तर पानांवर तेलकट डाग पडतात, डागांखाली पांढरी बुरशी धरते आणि पुढे घड सुकतात. वर्षाचे उत्पन्न थोड्या दिवसांत हातचे जाते. अशा वेळी फवारा लागू पडला नाही, तर बागाईतदार औषधात भेसळ असल्याचे समजतो किंवा त्याचे प्रमाण दुप्पट करतो. परंतु खरे कारण पुष्कळदा रोगाच्या अंगी आलेली प्रतिकारशक्ती हे असते.

रोग औषधाला सरावतो, असे म्हणतात. ते बरोबर नाही. असंख्य बीजाणूंपैकी मोजक्यांना ते औषध मुळातच बाधत नाही. तेच औषध वारंवार फवारल्याने बाकीचे मरतात व हे उरून वाढतात. शेतकरी बियाण्यासाठी निवडक कणसे राखतो, तशीच ही निवड होय. मात्र ती नकळत रोगाच्या हिताची होते.

फ्रान्समध्ये 1885 साली पुढे आलेले बोर्डो मिश्रण आजही उपयोगी आहे, कारण मोरचुदातील तांबे रोगबीजावर एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात करते. आंतरप्रवाही औषधे बहुधा एकाच ठिकाणी आघात करतात. मेटॅलॅक्झिल 1977 साली बाजारात आले आणि 1980 सालीच आयर्लंड व हॉलंडमध्ये बटाट्याच्या करप्यावर ते निष्प्रभ ठरले. ॲझॉक्सिस्ट्रोबिनच्या गटाला न जुमानणारा केवडा महाराष्ट्रातील द्राक्षबागांत मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना आढळला आहे. हा प्रतिकार जनुकातील एकाच बदलाने येतो. मग औषधाचे प्रमाण वाढवूनही गुण येत नाही.

यास्तव पुढील गोष्टी पाळाव्यात :

1. औषध बदलताना डब्यावरील व्यापारी नाव न पाहता घटकाचे नाव पाहावे. ॲझॉक्सिस्ट्रोबिन, क्रेसॉक्झिम-मिथाइल व पायराक्लोस्ट्रोबिन ही एकाच गटाची आहेत. मेटॅलॅक्झिल व बेनालॅक्झिल यांचा गट दुसरा; डायमेथोमॉर्फ व मँडिप्रोपामिड यांचा तिसरा. गटातल्या गटात केलेला बदल हा बदल नव्हे.

2. एका गटाचा फवारा लागोपाठ दोनदा देऊ नये. आंतरप्रवाही औषध मॅन्कोझेबसारख्या अनेक ठिकाणी आघात करणाऱ्या औषधाच्या जोडीने वापरावे.

3. रोग दिसण्यापूर्वीच, हवामान पाहून फवारावे. रोग बळावल्यावर आंतरप्रवाही औषधाचा मारा केल्यास प्रतिकारक बीजाणूंची निवड झपाट्याने होते.

4. प्रमाण शिफारशीनुसारच ठेवावे.

5. दाट फुटी विरळ कराव्यात. वेल मोकळी राहिली की पाने लवकर वाळतात आणि फवारे कमी लागतात.

6. निर्यातीच्या बागेत मांजरी केंद्राच्या चालू हंगामाच्या यादीतीलच औषधे वापरावीत व काढणीपूर्व कालावधी पाळावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक बागाईतदारास तारीख, घटकाचे नाव, गट आणि प्रमाण यांची नोंदवही ठेवावयास लावावी. तिच्यावरून पुढचा फवारा कोणत्या गटाचा घ्यावा, हे कळते. वारा शेजारच्या बागेतील बीजाणूही आणतो. म्हणून ही दक्षता शिवारातील सर्वांनी मिळून घेतली, तरच हाती असलेली औषधे दीर्घकाळ उपयोगी राहतील.