भोंवरा, पेला आणि अवकाशाची ठेवण

भोंवरा हवा तितक्या वेगानें फिरवावा. त्यास कोणी अडवीत नाहीं. अणूंतील सूक्ष्म कणांस मात्र ही मोकळीक नाहीं. फिरणाऱ्या वस्तूच्या अंगीं जो फिरण्याचा जोर असतो, त्यास शास्त्रांत ‘कोनीय संवेग’ म्हणतात. सूक्ष्म कणांचा हा संवेग ठराविक मापांतच आढळतो. हें बंधन कोठून आलें?

आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील बैलगाडीचें चाक डोळ्यांपुढें आणा. त्याच्या लोखंडी धांवेवर सारख्या लाटांची नागमोडी रेघ काढीत गेलों, तर फेरा पुरा होतांच तिचीं दोन्ही टोंकें बेमालूम जुळलीं पाहिजेत. तीन लाटा जुळतील, चार जुळतील. साडेतीन जुळणार नाहींत. कणासही तरंगाचें रूप असतें. वर्तुळांत फिरतांना त्या तरंगास हाच नियम लागतो, म्हणून संवेग पूर्णांकांत येतो. न संपणाऱ्या सरळ वाटेवर हें बंधन नसतें.

परंतु सन १९२५ मध्यें उहलेनबेक व गौडस्मिट यांनीं इलेक्ट्रॉनाच्या स्वतःच्या फिरकीचा अंक अर्धा आहे, असें सुचविलें व तें खरें ठरलें. हा अर्धा कसा आला, हें आम्ही वर्गांत एका पेल्यानें दाखवितों. विद्यार्थिमित्रहो, उजव्या तळहातावर पाण्याचा पेला ठेवा. तो न कलंडूं देतां हात काखेखालून फिरवून पेल्याचा एक पूर्ण फेरा करा. पेला पूर्ववत् झाला, पण हातास पीळ पडला! आतां त्याच दिशेनें दुसरा फेरा डोक्यावरून करा. पीळ आपोआप उलगडेल.

लांबी, रुंदी व उंची असलेल्या अवकाशाचा हा गुणच आहे: एका फेऱ्याचा पीळ राहतो, दोन फेऱ्यांचा सोडवितां येतो. म्हणून एका फेऱ्यानें तरंगाचें चिन्ह उलटून दुसऱ्यानें पूर्ववत् होणें येथें शक्य आहे. सन १९७५ मध्यें न्यूट्रॉनांवर प्रयोग करून तसें प्रत्यक्ष पाहण्यांत आलें.

सपाट पृष्ठावर मात्र डोक्यावरून जाण्यास वाटच नाहीं. दहा फेरे झाले तरी पीळ कायम. तेथें पूर्ण व अर्ध्याचा नियम सुटतो व इतर अपूर्णांकही चालतात. असे सपाट जगांतील कण ‘एनिऑन’ या नांवानें ओळखले जातात. सन २०२० मध्यें इलेक्ट्रॉनांच्या अतिशय पातळ थरांत त्यांचा स्पष्ट पुरावा मिळाला.

भूमिति ही केवळ परीक्षेपुरती विद्या आहे, असें मुलांस व क्वचित् पालकांसही वाटतें. परंतु कणानें किती फिरावें, हें ठरविण्यांत अवकाशाच्या आकाराचाच मोठा वांटा आहे. आणि त्या आकाराचा अभ्यास म्हणजेच भूमिति होय.