माणशी दोनच पेट्या

2020 मध्ये अमेरिकेतल्या अनेक गावांतली बंदुकीची दुकाने ओकीबोकी दिसू लागली. रायफली टांगायच्या खुंट्या रिकाम्या, काचेच्या कपाटात पिस्तुले कमी आणि किमतीच्या चिठ्ठ्या जास्त. काडतुसांच्या फळीवर मात्र एक कागद चिकटवलेला असे: माणशी दोनच पेट्या. काही दुकानदार त्याहून कडक होते. आमच्याकडे बंदूक घेतली तरच काडतुसे, तीही एक पेटी. ज्या देशात माणसांपेक्षा खासगी बंदुका जास्त आहेत असा अंदाज आहे, तिथे रॉकेलच्या रांगेची आठवण करून देणारी ही पाटी लागावी, याची आपल्याला गंमत वाटेल. पण त्या वर्षी छोट्या दुकानदाराच्या हातात जे चार-दोन उपाय होते, त्यांत हा हाताने लिहिलेला कागद सर्वांत शहाणपणाचा होता असे मला वाटते. भाव वाढवण्यापेक्षा, उधारीवर माल भरण्यापेक्षा आणि कारखान्याच्या नावाने बोटे मोडण्यापेक्षाही. का, हे कळायला आधी मागणी कशी फुगली आणि काडतूस कसे बनते, हे दोन्ही पाहावे लागते.

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घ्यायची तर एक फॉर्म भरावा लागतो आणि दुकानदार त्यावरून एफबीआयच्या यंत्रणेकडे गिऱ्हाइकाची पूर्वपीठिका तपासून घेतो. ही यंत्रणा 1998 पासून चालू आहे आणि दर महिन्याचे आकडे जाहीर होतात. एक तपासणी म्हणजे एक विक्री असे नसते, कारण काही राज्ये परवान्यांच्या फेरतपासणीसाठीही तीच यंत्रणा वापरतात. तरी वारा कुठल्या दिशेचा आहे ते त्यातून कळते. 2019 मध्ये सुमारे 2 कोटी 84 लाख तपासण्या झाल्या होत्या, 2020 मध्ये 3 कोटी 97 लाख. मार्च 2020 मध्ये करोनाने दारे बंद केली आणि त्या एका महिन्यात आकडा 37 लाखांवर गेला. मग जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतरची निदर्शने, मग निवडणूक, मग नव्या सरकारच्या कायद्यांची धास्ती. मार्च 2021 मध्ये 46 लाख 90 हजार, तोवरचा सर्वांत मोठा महिना. शस्त्रउद्योगाच्या संघटनेचा अंदाज असा की 2020 मध्ये पहिल्यांदाच बंदूक घेणारे 84 लाख होते. अंदाज उद्योगाचा आहे, तेव्हा तो चिमूटभर मीठ घालून घ्यावा. पण समजा त्यातल्या प्रत्येकाने पन्नास-पन्नासच्या दोनच पेट्या घेतल्या, तरी 84 कोटी काडतुसे होतात. ही मागणी जुन्या गिऱ्हाइकांच्या नेहमीच्या खरेदीवर चढलेली, आणि जुनी गिऱ्हाइके तरी कुठे नेहमीसारखी वागत होती?

आता काडतूस. नऊ मिलिमीटरचे एक हातात घ्या. पितळेची पुंगळी, तिच्या तोंडात बसवलेली तांब्याच्या पातळ कवचातली शिशाची गोळी, आत चिमूटभर दारू. पुंगळी उलटी केली की बुडाच्या मधोमध साडेचार मिलिमीटरहून किंचित लहान अशी गोल चकती दिसते. तो प्रायमर. दिवाळीत खेळण्यातल्या पिस्तुलाला लावायची टिकली आठवा. काम तेच, फक्त चोख. बंदुकीची सुई त्यावर आदळते, आतले संवेदनशील मिश्रण पेटते आणि ठिणगी दारूत जाते. पितळ, शिसे, दारू मिळवता येते; खरी अडचण या टिकलीची. मिश्रणात शिशाचा एक स्फोटक क्षार असतो आणि वाळले की ते धक्क्यानेही उडते, म्हणून ते ओले असतानाच भरावे लागते. हे काम जाणणारी माणसे आणि त्यासाठीच्या जाड भिंतींच्या इमारती महिन्या-दोन महिन्यांत उभ्या राहत नाहीत. अमेरिकेत बाजारासाठी मोठ्या प्रमाणावर प्रायमर बनवणारी नावे जेमतेम चार: फेडरल, सीसीआय, विंचेस्टर आणि रेमिंग्टन. त्यातली रेमिंग्टन जुलै 2020 मध्ये, ऐन सुगीत, दिवाळखोरीत गेली. तिचा आर्कान्सामधल्या लोनोकचा काडतुसांचा कारखाना फेडरल आणि सीसीआयच्याच मालक कंपनीने, व्हिस्टाने, लिलावात घेतला आणि तिथली कामे पुन्हा लयीत यायला काळ गेला. घरी रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरणारे हौशी नेमबाज अमेरिकेत पुष्कळ आहेत. त्यांचीही पंचाईत झाली, कारण सुटे प्रायमर फळीवरून सगळ्यांत आधी गायब झाले. कारखान्यांनी हाती असलेली टिकली जिथे खप जास्त तिथे वापरली, म्हणजे नऊ मिलिमीटरमध्ये. शरद ऋतूत हरणाच्या शिकारीला निघणाऱ्यांची थर्टी-थर्टीसारखी जुनी काडतुसे मागे पडली. ज्यांनी गर्दी केलीच नव्हती, त्यांच्या वाट्याला ती टंचाई आली.

कारखाने माल दाबून ठेवतात, सरकारच सगळा उचलते, असे काउंटरवर तावातावाने बोलले जाई. हा आरोप नवा नाही. डिसेंबर 2012 मध्ये सँडी हूक शाळेतल्या हत्याकांडानंतर कायदे कडक होणार या भीतीने अशीच झुंबड उडाली होती आणि पॉइंट टू-टूचे सर्वांत स्वस्त, पोराटोरांच्या सरावाचे काडतूस पुढे दोनेक वर्षे धड मिळत नव्हते. तेव्हा बोट गृहसुरक्षा विभागाकडे होते. अमेरिकी संसदेच्या लेखापाल कार्यालयाने चौकशी करून 2014 च्या सुरुवातीला अहवाल दिला: विभागाची खरेदी 2009 पासून उलट कमी झाली होती, वर्षाला सरासरी सुमारे 11 कोटी काडतुसे. शेकडो कोटींच्या बाजारात हा आकडा कुणाच्या फळ्या रिकाम्या करणारा नव्हता. 2020 मध्येही कारखाने पूर्ण वेगाने चालत होते. मार्चअखेर केंद्र सरकारच्या मार्गदर्शक यादीत शस्त्रे आणि दारूगोळा बनवणारे, विकणारे अत्यावश्यक म्हणून आले, त्यामुळे टाळेबंदीचे कारणही बहुतेक ठिकाणी उरले नाही. माल निघत होता आणि निघता क्षणी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जाऊन बसत होता. काडतूस कोरड्या जागी ठेवले तर दशकानुदशके टिकते. दूध साठवणाऱ्याला चार दिवसांत हिशेब द्यावा लागतो, काडतुसे साठवणाऱ्याला नातवाच्या काळापर्यंत मुदत आहे. म्हणून भीतीला इथे वरची मर्यादाच नाही.

मग नवे कारखाने का काढले नाहीत? कारण मालकांना आधीची ओहोटी आठवत होती. 2016 मध्ये ट्रम्प निवडून आले, कायदे कडक होण्याची भीती ओसरली आणि विक्रीही. आधीच कर्जात बुडालेल्या रेमिंग्टनने मार्च 2018 मध्ये पहिल्यांदा दिवाळखोरीचा अर्ज केला तो याच मंदीत. ज्या मालाचा खप निवडणुकीच्या निकालाबरोबर भरती-ओहोटीसारखा हलतो, त्यासाठी वर्षानुवर्षांची भांडवली गुंतवणूक करायला कोण धजावेल? कारखानदाराने पाळ्या वाढवल्या, माणसे घेतली, पण भिंती घालताना हात आखडता घेतला. त्याच्या जागी असते तर तुम्ही-आम्हीही तेच केले असते.

राहता राहिला दुकानदार. मोठ्या साखळी दुकानांतली एक तर आधीच बाजूला झाली होती: एल पासोमधल्या आपल्याच दुकानातल्या हत्याकांडानंतर वॉलमार्टने सप्टेंबर 2019 मध्ये पिस्तुलांची आणि लष्करी पद्धतीच्या रायफलींना चालणारी काडतुसे बंद करण्याचे जाहीर केले. दारूगोळ्याच्या बाजारातला आपला सुमारे 20 टक्के वाटा त्यामुळे निम्म्याच्याही खाली येईल, असा त्या कंपनीचाच अंदाज होता. ती गिऱ्हाइके गावातल्या दुकानाकडे वळली. दुकानदार घाऊक विक्रेत्याकडे चाळीस खोकी मागे, येत चार, तीही कुठल्या मापाची येतील ते गाडी उतरल्यावर कळे. जुन्या बंदुका विकायला कुणी येईना, त्यामुळे तोही आधार गेला. अशा वेळी दुकान जगते ते दुरुस्ती, प्रशिक्षणाचे वर्ग, कपाटे आणि कुलुपे यांवर. पण काडतूसच नसेल तर गिऱ्हाईक दारात तरी कशाला येईल? पाटीचा उपयोग इथे आहे. चार खोकी पहिल्या दोघांना गेली तर उरलेल्यांना दुकानाचा रस्ता विसरायला फार दिवस लागत नाहीत. दोन-दोन पेट्या वाटल्या तर माल आठवडाभर पुरतो आणि नव्याने पिस्तूल घेतलेल्या बाईला निदान सरावापुरते हाती लागते. हत्यार घरात आहे आणि ते एकदाही चालवून पाहिलेले नाही, ही स्थिती तिच्या घराला आणि शेजाऱ्यालाही धोक्याची.

अर्थशास्त्र शिकलेला वाचक इथे हात वर करील. रांगा लावण्यापेक्षा भाव वाढू द्यावेत. ज्याला खरी गरज तो देईल, बाकीचे घरी जातील, आणि वाढलेल्या भावाने नवा माल बाजारात येईल. भाव वाढलेच. नऊ मिलिमीटरची जी पन्नासची पेटी करोनाआधी दहाएक डॉलरला मिळे, ती तिप्पट-चौपट भावाने जाऊ लागली. पण वरची मांडणी अर्धीच लागू पडते. वाढलेल्या भावाने प्रायमरची नवी इमारत त्या वर्षात उभी राहणार नव्हती. आणि भीतीने घेणारा माणूस भाव चढला की थांबत नाही. चढता भाव हाच त्याला पुरावा वाटतो, आज घ्या, उद्या याहून महाग. शिवाय पन्नास डॉलरला पेटी विकणारा दुकानदार त्या महिन्यात कमावतो खरा, पण छोट्या गावात लोक कसाई आणि वाणी जसे लक्षात ठेवतात तसा तोही लक्षात राहतो.

याहून टोकदार आक्षेप दुसरा आहे: पाटीच भीती पसरवते. दोनच मिळतात म्हटल्यावर ज्याला एक हवी होती तोही दोन घेतो, बायकोला वेगळी रांगेत उभी करतो. हे खरे आहे, आणि आपल्याला ते समजावून सांगायला नको. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदीच्या गोंधळात मीठ संपले अशी आवई उत्तरेतून उठून मुंबईपर्यंत पोचली आणि समुद्रकाठच्या या शहरातही लोकांनी मिठाच्या पुड्या गोळा केल्या. तेव्हा मर्यादेची पाटी लावायचीच तर तिच्याबरोबर भरवसाही लागतो. माल कुठल्या वारी येतो हे दुकानदाराने सांगावे, नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी वही ठेवावी, शिकारीच्या मोसमाआधी त्या मापाची थोडी काडतुसे बाजूला काढावीत, सरावाच्या मैदानावर दिलेली तिथेच उडवायची अट घालावी. अशी दुकाने होती. त्यांच्याकडचीही रांग संपली नाही, पण रांगेतल्या माणसाला पुढच्या आठवड्यात काही मिळेल हे ठाऊक असे, आणि गॅरेज भरण्याची घाई त्याने थोडी कमी केली तरी पुरे.

याहून मूळचा आक्षेप असा की हा सगळा खटाटोप हवाच कशाला. आपल्याकडे परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसे हे लिहिलेलेच असते, विक्रेता नोंद करतो, झुंबड उडण्याचा प्रश्नच येत नाही. ती शिस्त मलाही बरी वाटते. पण अमेरिकेत तो नियम करण्याची नुसती चर्चा सुरू झाली तरी रांग दुप्पट होते, हा 2012 पासूनचा इतिहास आहे. तिथल्या दुकानदाराला कायद्याचा तो वाद सोडवायचा नसतो. त्याला शनिवारी सकाळी दार उघडायचे असते.

2022 मध्ये तपासण्या 3 कोटी 16 लाखांवर उतरल्या, भावही खाली येत गेले आणि फळ्या भरल्या. तेव्हा घाबरलेल्या गिऱ्हाइकासारखेच घाबरून ज्यांनी चढ्या भावात, उधारीवर खोकीच्या खोकी भरून ठेवली होती, ते दुकानदार खरेदीपेक्षा कमी किमतीच्या चिठ्ठ्या लावत होते. समोरचे गिऱ्हाईक मात्र घ्यायला तयार नव्हते. त्याच्या गॅरेजमध्ये अजून जागा नव्हती.