दोन घरचा पाहुणा



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढं तीन कामं एकदमच येत आहेत. गाळप क्षमतेची वाढ, इथेनॉलचा प्रकल्प आणि ठिबकची मोहीम. एवढा पैसा आणणार कुठून, असं गटागटांतून विचारलं जातंय, आणि ते रास्तच आहे. पण माणसं आणणार कुठून, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. नवी भरती नाही. फिटर तेच, वेल्डर तेच, चिटबॉयही तेच. म्हणजे ज्यानं ऑफ-सीझनला मिलचं ओव्हरहॉलिंग करायचं, त्यालाच इथेनॉलच्या साइटवरूनही हाक येणार. ज्यानं ऊसनोंद घ्यायची, त्यानंच ठिबकचे अर्ज भरून घ्यायचे.

या पद्धतीला व्यवस्थापनाच्या पुस्तकांत 'मॅट्रिक्स रचना' म्हणतात. कागदावर खात्यांच्या उभ्या रेघा ओढा, त्यांवर प्रकल्पांच्या आडव्या रेघा ओढा. रेघा जिथं छेदतात तिथं आपला माणूस उभा. वरून खातेप्रमुख, बाजूनं प्रकल्पप्रमुख. आपल्या म्हाताऱ्या माणसांनी याला फार पूर्वीच नाव देऊन ठेवलंय : दोन घरचा पाहुणा उपाशी.

ही पद्धत कशी चालते आणि कुठं अडते, हे पाहायला आम्ही मुद्दाम उसाच्या मुलखाबाहेरचं उदाहरण घेतो. चंद्रपूर जिल्ह्यातला कोरपना तालुका. कापूस, सोयाबीन, तुरीचा मुलूख, गोंड आणि कोलाम वस्त्या, आणि गडचांदूर परिसरात चुनखडीवर उभे राहिलेले सिमेंटचे मोठे कारखाने. साहेबांचं म्हणाल, तर या भागाला त्याची सवय जुनीच. राजुऱ्याचा हा सारा टापू १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, नंतर नांदेड जिल्ह्यात आणि १९५९ पासून चंद्रपुरात. शेजारच्या जिवती तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांना तर आजही महाराष्ट्र आणि तेलंगणा, दोन्ही राज्यांच्या योजना मिळतात आणि मतदानही दोन्हीकडं होतं. पाहुणा उपाशी नाही राहिला, पण घर कुठलं हे काही ठरेना.

तर कोरपन्यातल्या एखाद्या आदिवासी शेतकऱ्याला विहीर पाहिजे, असं समजा. बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेतलं अनुदान जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाकडून. त्या विभागाचा तालुक्यातला कृषी अधिकारी बसतो पंचायत समितीत, गटविकास अधिकाऱ्यांच्या हाताखाली. ठिबकला गेला तर राज्याच्या कृषी खात्याचा तालुका कृषी अधिकारी, म्हणजे वेगळं ऑफिस. वीजजोडणी महावितरणची. जमीन वनहक्काची असली तर त्याचा दावा उपविभागीय समितीपुढून जिल्हा समितीकडं. शिवाय आदिवासी विकासाचं प्रकल्प कार्यालय चंद्रपूरला. प्रत्येक कार्यालय आपापल्या जागी बरोबर असतं. पण विहिरीला पाणी लागलं आणि वीज आली नाही, तर त्याचा जाब द्यायला यांतला कोणीच बांधील नाही.

सरकारनं हे ओळखलं नाही असं नव्हे. पूर्वी कृषी, मृदसंधारण आणि फलोत्पादन यांची माणसं वेगवेगळी येत. १ जुलै १९९८ पासून ती एका छताखाली आणली आणि गावाला एक कृषी सहायक दिला. पुढं ५ डिसेंबर २०१४ च्या निर्णयानं जलयुक्त शिवार अभियान आलं. तो तर मॅट्रिक्सचा चांगलाच मोठा प्रयोग. कृषी, वन, लघुसिंचन अशा खात्यांची माणसं आपापल्या खात्यातच राहिली. बंधारा कसा बांधायचा, त्याची तांत्रिक मंजुरी ज्याच्या त्याच्या खात्याची. कुठल्या गावात, किती आणि कधी, हे ठरवणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची. शिवारफेरी काढून गावाचा आराखडा करायचा आणि तो ग्रामसभेपुढं ठेवायचा.

त्यामुळं कामं भराभर झाली, हे मान्य केलं पाहिजे. ज्या खात्यांची कागदं एकमेकांच्या टेबलावर महिनोन्महिने पडून राहत, ती एका बैठकीत निघू लागली. पण २०२० साली महालेखापरीक्षकांचा अहवाल आला. साडेनऊ हजार कोटींवर रुपये खर्चून भूजलावर परिणाम थोडाच दिसला, आणि देखभाल नसल्यानं साठवणही घटली, असं त्यात म्हटलं. आमच्या मते गोम इथंच आहे. अभियान संपलं की आडवी रेघ पुसली जाते. बंधारा मात्र जागेवरच असतो आणि त्यात गाळ साचत राहतो. तो काढायचा कोणी?

चांगलं उदाहरणही आपल्याच देशात आहे. थुंब्याला एसएलव्ही-३ रॉकेट झालं तेव्हा डॉ. अब्दुल कलाम प्रकल्पप्रमुख होते, पण काम करणारी बहुतेक माणसं निरनिराळ्या विभागांची. १० ऑगस्ट १९७९ चं पहिलं उड्डाण फसलं. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह कक्षेत गेला. तिथं दोन साहेबांत ओढाताण झाली नसेल असं आम्ही म्हणत नाही, पण शेवटचा शब्द कोणाचा हे ठरलेलं होतं.

आता आपल्या कारखान्याचं. ऑगस्टात फिटर तिकडं गेला आणि मिलचं काम मागं पडलं, तर हंगामात ब्रेकडाऊन होतो, तोडलेला ऊस यार्डात वाळतो, वजन घटतं, उतारा घसरतो. दर उताऱ्यावर ठरतो, म्हणजे नुकसान अखेर तुमच्या-आमच्या बिलातच दिसणार. इथेनॉलच्या ताळेबंदात ते कधीच दिसणार नाही. चिटबॉयचंही तसंच. ठिबकच्या अर्जांचा आकडा पुरा करायला तो धावला आणि लागणीची नोंद आठ दिवस उशिरा पडली, तर तोडणी प्रोग्रामात तुमचा नंबर मागं जातो. तुरा आलेला ऊस बांधावर उभा राहून बघत बसा.

म्हणून तिन्ही कामांना आमचा विरोध नाही, पण मंजुरीआधी सभेत काही विचारलंच पाहिजे. कोणता माणूस कोणत्या महिन्यात कोणाकडं, याचा तक्ता झालाय का? चीफ इंजिनिअर आणि प्रकल्पप्रमुख यांच्यात वाद झाला तर तो कार्यकारी संचालकांनी किती दिवसांत मिटवायचा? त्या फिटरचा रजेचा अर्ज कोणी सही करायचा आणि वर्षाचा शेरा कोणी लिहायचा? आणि प्रकल्प पुरा झाल्यावर मशिनरी कोणत्या खात्याच्या ताब्यात, देखभालीची रक्कम कुठल्या खर्चात? हे चार सवाल आम्ही लेखी स्वरूपात कार्यालयाकडं दिले आहेत. उत्तर येईल ते पुढच्या अंकात जसंच्या तसं छापू.