रात्री नऊला बंद होणारी वाट

सुट्टी लागली की बंगळूरमधील कितीतरी मराठी कुटुंबे उटी किंवा वायनाडला निघतात. म्हैसूर, गुंडलुपेठ मागे पडते, बंदीपूरचे जंगल सुरू होते आणि पेंगुळलेली मुले खिडकीला चिकटतात. पण निघायला उशीर झाला आणि रात्रीचे नऊ वाजून गेले, तर समोर बंद फाटक! सकाळी सहापर्यंत पुढे जाता येत नाही. आपण चरफडतो, ‘कुलूपच लावायचे होते, तर रस्ता बांधला कशाला?’

प्रश्न चुकीचा नाही. या रस्त्याने गुंडलुपेठची भाजी केरळात जाते. वायनाडचे विद्यार्थी, नोकरदार, व्यापारी याच वाटेने बंगळूर गाठतात. वणवा लागला तर वनरक्षकांनाही रस्ताच हवा असतो.

मग नुकसान कोणते? हत्ती, वाघ, बिबळ्या, सांबर यांची फिरती रात्रीच वाढते. प्रखर दिव्यांनी जनावर बावरते, जागीच थबकते आणि भरधाव ट्रकखाली सापडते. शिवाय सतत वाहता रस्ता एका जंगलाचे दोन तुकडे करतो. चोरट्या लाकूडतोड्यांची आणि शिकाऱ्यांचीही सोय होते.

म्हणून २००९ साली येथे रात्रीची वाहतूक बंद झाली. २०१० मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. रुग्णवाहिका आणि मोजक्या सरकारी बस यांना मात्र मुभा आहे. तरीही वायनाडकरांची तक्रार संपलेली नाही. २०१९ मध्ये सुलतान बत्तेरीत मोठे आंदोलन झाले. त्यांना हुणसूर-कुट्टामार्गे वळसा पडतो. वेळ आणि डिझेल खर्च होते. जंगल वाचवण्याची किंमत सर्वांत जास्त तेच मोजतात, हे आपण सहलीला जाणाऱ्यांनी विसरू नये.

दुसरा उपाय आपल्या महाराष्ट्रात आहे. नागपूर-शिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलात जनावरांसाठी रस्त्याखालून नऊ मार्ग ठेवले आहेत. त्यांतला सर्वांत लांब ७५० मीटरचा. वाघांसह अनेक प्राणी त्यांतून जाताना कॅमेऱ्यांनी टिपले आहेत. पण त्याला पैसा लागतो आणि बांधकाम चालू असताना जंगलाला त्रास होतोच. बंदीपूरला फक्त फाटक लावावे लागले.

रस्ता हवाच, पण तो चोवीस तास आपलाच असावा, हा हट्ट कशाला? पुढच्या वेळी घरून दोन तास आधी निघा. जंगलही उजेडात दिसेल आणि रात्र ज्यांची, त्यांना मिळेल.